साथीच्या वॉर्डात पहिल्यांदा ड्युटी लागली आहे? मन सांभाळायचं कसं, ते पायरी पायरीनं

नागपुरात साथ नवी नाही. २०१५ मध्ये स्वाइन फ्लू जोरात होता, २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफस आला आणि ११ मार्च २०२० ला शहरातला पहिला कोविड रुग्ण सापडला. मी तेव्हाही सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका होते, आजही आहे. दरवर्षी नव्या सिस्टर रुजू होतात, इंटर्न येतात, कंत्राटी कक्षसेवक येतात. साथीची बातमी आली की त्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न दिसतो: मला हे झेपेल का? हातमोजे कसे काढायचे ते ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मन कसं राखायचं ते बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नर्स, निवासी डॉक्टर, इंटर्न, लॅब टेक्निशियन, वॉर्डातले मामा आणि मावशी, रुग्णवाहिकेचे चालक, घरोघरी जाणाऱ्या आशाताई, सगळ्यांना हे लागू आहे. आशाताईंचा उल्लेख मुद्दाम करते. कोविडमधल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या घरोघरी तपासणीच्या मोहिमेत दारोदार फिरताना त्यांनी जे ऐकून घेतलं, त्याची दखल फार कमी जणांनी घेतली.

पायरी १: ताण आला की आधी तो कुठला ते ओळखा

नवी माणसं सगळा ताण एकाच खात्यात टाकतात: 'मीच कच्ची आहे.' ही पहिली चूक टाळा. साथीतला ताण तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

शरीराचा ताण: मे महिना, बाहेर पारा ४५ अंशांवर, तुम्ही पीपीईत, म्हणजे अंगभर संरक्षक पोशाखात. चार तास पाणी नाही, लघवीला जाता आलेलं नाही. डोकं ठणकतं, हात थरथरतात, कुणी काही विचारलं तरी अंगावर जावंसं वाटतं. हे मनाचं दुखणं असेलच असं नाही. अंगातलं पाणी कमी झालं की माणूस असाच चिडतो.

मनाचा ताण: तुमच्याच वयाचा रुग्ण काल बोलत होता, आज खाट रिकामी आहे. त्याच्या आईचा आवाज कानातून जात नाही.

व्यवस्थेचा ताण: एका सिस्टरकडे दुप्पट रुग्ण, मानधन थकलेलं, नातेवाईक अंगावर धावून येणारे. दीर्घ श्वासानं सिलेंडर भरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनचा काटा खाली जाताना बघत आम्ही रात्री काढल्या. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूरला पोचली, टँकर उतरले, तेव्हा कुठे थोडा जीव भांड्यात पडला. त्या भीतीवर औषध म्हणजे ऑक्सिजनच होता. अशा वेळी कुणी 'सकारात्मक विचार करा' असं सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

त्रास होऊ लागला की स्वतःला विचारा: आत्ता पाणी, जेवण, झोप यांपैकी काय राहिलंय? ते सगळं झालं असेल तर, कुठल्या प्रसंगानं आत काही हललंय? तसंही नसेल तर, हे वरिष्ठांपुढे मांडायचं काम आहे का? या क्रमानंच विचारा. पाणी पिऊन, दोन तास झोपून निम्मं ओझं उतरलं असं मी कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिलं आहे.

पायरी २: ड्युटी सुरू होण्याआधी हे जमवा

साथ भरात आल्यावर कागद शोधायला वेळ मिळत नाही. आधीच एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा:

- ओळखपत्र आणि नेमणुकीच्या आदेशाची प्रत. कंत्राटी असाल तर कराराची पूर्ण प्रत, रजेची आणि विम्याची कलमं खुणा करून.
- लसीकरणाचे कागद, स्वतःच्या जुन्या आजारांची फाइल, चालू औषधांची यादी. आधी कधी नैराश्य, घबराट किंवा झोपेसाठी उपचार घेतले असतील तर ते कागद नक्की ठेवा. चालू गोळ्या साथीच्या धामधुमीत बंद पडू देऊ नका, महिनाभराचा साठा जवळ ठेवा.
- विमा आणि बँकेतलं नामनिर्देशन. हे लिहिताना हात जड होतो, पण एकदा लिहून झालं की डोक्यातली एक भुणभुण थांबते.
- घरातल्या दोन माणसांचे आणि घराबाहेरच्या एका माणसाचा असे तीन नंबर, कागदावर लिहिलेले.

याशिवाय लागणाऱ्या वस्तू: ओआरएसची पाकिटं, स्वतःची पाण्याची बाटली, जादा कपड्यांचा जोड, सॅनिटरी पॅड, खिशात मावणारी वही आणि झोपताना डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी.

घरच्यांशी बोलणंही या तयारीतच येतं. मला लागण झाली तर मुलं कुणाकडे, आईंची औषधं कोण आणणार, वेगळी खोली कुठली, हे आजच ठरवा. ड्युटीवरच्या अर्ध्या काळज्या घरच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच आधी बोलून मिटतात.

पायरी ३: एक जोडीदार ठरवा

संपूर्ण लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. पहिल्याच दिवशी, आपल्याच शिफ्टमधली एक व्यक्ती ठरवा. तिच्याशी जिवलग मैत्री असायची गरज नाही, तुमच्यासारखं काम करणारी असली की पुरे. ओव्हर देऊन झाला, म्हणजे पुढच्या शिफ्टला रुग्णांची माहिती सोपवून झाली, की एकमेकींना तीन गोष्टी विचारायच्या: जेवलीस का? झोप किती झाली? आज कोणतं काम नको वाटतंय?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. 'कशी आहेस?' विचारलं की 'ठीक' असंच उत्तर येतं. 'आज बॉडी पॅक करायला (मृतदेह गुंडाळायला) मी जाऊ का?' असं विचारलं की खरं काय ते बाहेर येतं.

जोडीदाराला आधीच सांगून ठेवा की माझ्यात काय बदल दिसला तर तू मला थांबवायचं. कुणी एकदम गप्प होतं, कुणी विनाकारण हसतं, कुणी मामांवर ओरडायला लागतं. स्वतःच्या लक्षात यायच्या आधी ते शेजारच्याला दिसतं.

नवख्या माणसाची जोडी अनुभवी माणसाशी लावावी. तुमच्या वॉर्डात तशी पद्धत नसेल तर इन्चार्ज सिस्टरकडे जाऊन मागा. मागायला लाजू नका.

पायरी ४: पीपीईच्या आत

आत जाण्याआधी पाणी प्या, लघवीला जाऊन या, हलकं खाऊन घ्या. रिकाम्या पोटी आत गेलेली माणसं घेरी येऊन पडताना मी पाहिली आहेत. 'आत गेल्यावर बाहेर येता येणार नाही' म्हणून पाणीच न पिण्याचा मोह होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात हा मोह महागात पडतो. बाहेर आल्यावर आधी ओआरएस, मग चहा.

आत घाबरायला झालं, छाती भरून आली, तर एन-९५ लावलेला असताना लांब श्वासांचा व्यायाम करू नका. मास्कच्या अडथळ्यामुळे काहींना उलट जास्त गुदमरतं. त्याऐवजी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवा, टाचा दाबा, खाटेची कड किंवा ट्रॉलीचा दांडा धरा आणि समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मनात घ्या: मॉनिटर, सलाइन, खिडकी, घड्याळ. मग फक्त श्वास सोडताना तो थोडा लांबवा. एक-दोन मिनिटांत हात स्थिर झाले नाहीत तर जोडीदाराला खूण करून बाहेर या.

बाहेर येतानाही घाई नको. पीपीई काढताना संसर्गाचा धोका मोठा असतो, आणि थकलेला, रडवेला माणूस नेमका तिथेच चुकतो. कुणाला तरी समोर उभं करून, एकेक टप्पा मोठ्यानं म्हणत काढा.

पायरी ५: वाईट बातमीचा फोन

यावर सविस्तर लिहिते, कारण नव्या मुलामुलींना सगळ्यात जास्त ओरखडे या फोनचे उठतात. मृत्यूची बातमी डॉक्टरांनी द्यायची असते. पण साथीत नातेवाईक वॉर्डाबाहेर असतात, खाटा भरलेल्या असतात आणि पहाटे तो फोन इंटर्नच्या नाहीतर सिस्टरच्या हातात येतो. कसं बोलायचं हे माहीत नसलं की दोन्हीकडची माणसं जखमी होतात.

एक. केस पेपर समोर घ्या. रुग्णाचं पूर्ण नाव, वय, खाट, फोनवरच्या माणसाचं नातं, सगळं दोनदा ताडून पहा. एकाच आडनावाचे दोन रुग्ण वॉर्डात असतात. मॉनिटरच्या आवाजातून बोलू नका, बाजूच्या खोलीत जा.

दोन. आधी विचारा: "दादा, तुम्ही आत्ता कुठे आहात? गाडीवर असाल तर बाजूला घ्या." मग: "तुमच्याजवळ आणखी कोणी आहे का?"

तीन. "काल डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?" या उत्तरावरून माणूस कितपत तयार आहे ते कळतं. बायपॅपवर (मास्कमधून श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर) असलेल्या वडिलांबद्दल मुलगा 'आता बरे आहेत ना?' असं विचारत असेल तर तुम्हाला आणखी सावकाश जावं लागेल.

चार. "बातमी चांगली नाही, दादा." एवढं बोलून थांबा. एक श्वास जाऊ द्या.

पाच. स्पष्ट शब्दांत सांगा: "बाबा गेले. पहाटे चार वाजता." गेलेल्या माणसाबद्दल 'सिरियस आहे, लवकर या' असं कधीही सांगू नका. रस्त्यात तो माणूस कुठल्या आशेवर गाडी पळवत येईल याचा विचार करा. आणि गेटवर खरं कळल्यावर त्याचा राग तुमच्यावरच निघणार.

सहा. आता गप्प रहा. रडणं येईल, शिव्या येतील, नुसती शांतता येईल. ती भरून काढायला वैद्यकीय माहिती सांगत बसू नका. "मी फोनवर आहे" एवढं पुरे.

सात. बहुतेक घरचे एकच विचारतात: "शेवटी बाबांजवळ कोणी होतं का, सिस्टर?" जे खरं आहे तेच सांगा. होतात, तर होते म्हणा. नव्हतात, तर "रात्री दोनला मी त्यांना पाणी दिलं होतं, त्यांनी तुमचं नाव घेतलं होतं" असं काही खरं घडलं असेल तर ते सांगा. रचून काही सांगू नका. रचलेलं तुम्हालाच पुढे टोचत राहतं.

आठ. मग कामाचं: कोणते कागद आणायचे, कोणत्या गेटनं यायचं, कुणाला भेटायचं. हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात राहत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी फोन द्यायला सांगा किंवा तासाभरानं पुन्हा फोन करा.

फोन ठेवल्यावर लगेच पुढचा असाच फोन लावू नका. उठा, पाणी प्या, जोडीदाराला एका वाक्यात सांगा: "बारा नंबर खाटेच्या आजोबांच्या घरी फोन झाला." एका माणसावर एका शिफ्टमध्ये असे सगळे फोन पडू नयेत, आळीपाळीनं वाटून घ्यावेत. हे वॉर्डाच्या पातळीवर ठरवता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पायरी ६: रुग्ण गेल्यानंतर

शक्य असेल तेव्हा, पॅकिंगच्या आधी, खाटेजवळ अर्धा मिनिट उभं रहा. नाव घेऊन मनात निरोप द्या. हात जोडा, दुवा मागा, नुसतं उभं रहा, ज्याची जशी श्रद्धा. नंतर कामाला लागा.

त्यानंतर रडू येणं, एक-दोन दिवस झोप उडणं, जेवण न जाणं हा आजार नाही. आपल्या हाताखाली माणूस गेला की असंच व्हायचं. काहींना काहीच वाटत नाही आणि त्याचीच त्यांना भीती वाटते. तेही घाबरण्यासारखं नाही, बधिरपणानं मन तेवढा वेळ स्वतःला वाचवतं.

खरं खोल जातं ते वेगळंच. एक खाट आणि तीन रुग्ण असताना कुणाला 'थांबा' म्हणावं लागलं, बायकोला नवऱ्याचा चेहरा दाखवता आला नाही, चांगलं करायचं होतं पण हात बांधलेले होते. याला नैतिक जखम म्हणतात. भीतीच्या धक्क्यात माणूस 'मला काय होईल' म्हणतो, इथे तो 'मी काय केलं' म्हणतो. ही जखम 'तू तर देवदूत आहेस' म्हटल्यानं भरत नाही, उलट चिघळते. थाळ्या वाजल्या, फुलं उधळली गेली, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणी खाली मान घालून उभ्या होत्या.

यावर उपयोगी पडतं ते हे: त्या निर्णयात तुमचा भाग किती आणि परिस्थितीचा किती, ते दोन रकान्यांत लिहा. खाटा किती होत्या, व्हेंटिलेटर किती, आदेश कुणाचा, त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं. आज कळलेलं त्या दिवशीच्या स्वतःवर लादू नका. मग तो कागद एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला किंवा समुपदेशकाला वाचून दाखवा. एकटीनं लिहून फाडून टाकला तर अर्धंच काम होतं.

वरिष्ठांसाठी एक सूचना. वाईट रात्रीनंतर सगळ्यांना गोल बसवून 'आता प्रत्येकानं काय वाटलं ते सांगा' असं करू नका. धक्क्यानंतर लगेच माणसाला सक्तीनं सगळं पुन्हा सांगायला लावण्याचा फायदा दिसलेला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तसं न करण्याचा सल्ला देते. त्याऐवजी चहा द्या, घरी कोण सोडणार ते बघा, उद्याची शिफ्ट हलकी करा, 'बोलावंसं वाटलं तर मी आहे' असं सांगा आणि खरोखर उपलब्ध रहा.

पायरी ७: घर आणि झोप

नाईट संपवून निघताना दुपट्टा आणि गॉगल नागपुरात तसेही बांधतोच. सकाळचं ऊन डोळ्यांत कमी गेलं तर घरी झोप लवकर लागते. झोपायच्या सहा तास आधीपासून चहा-कॉफी नको, म्हणजे पहाटेचा टपरीवरचा कटिंग सोडावा लागेल. खोली काळोखी करा, कूलर चालू ठेवा, त्याच्या घरघरीत गल्लीतले आवाज बुडतात. सलग सात तास मिळत नसतील तर सकाळी चार-साडेचार आणि संध्याकाळी ड्युटीआधी दोन, अशी तोडून घ्या. सलग नाईटनंतर डोळे मिटत असतील तर गाडी चालवू नका, कुणाला तरी सोडायला सांगा.

वेगळ्या खोलीत राहावं लागलं तर मुलांशी रोज ठरलेल्या वेळी बोला, काचेतून किंवा व्हिडिओवर. लहान मुलाला 'आई कामाला गेली' एवढंच सांगून भागत नाही. 'आई खोकला झालेल्या लोकांना बरं करते, तुला खोकला होऊ नये म्हणून चार दिवस लांब झोपते' असं सांगा, त्याला ते कळतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप: ड्युटीचा एक आणि घरचा एक, बाकी सगळे मूक करा. आकड्यांच्या बातम्या दिवसातून एकदा.

फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला अर्धा तास चालणं, सेमिनरी हिल्सची सकाळ, दीक्षाभूमीवर थोडा वेळ बसणं, ज्याला जे रुचतं ते करा. संसर्गाचे नियम मात्र पाळा. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचा सल्ला इथे बरेच जण देतात. चांगलं आहे, पण डोळ्यांपुढे वॉर्डातली दृश्यं रोज येत असताना दहा दिवसांच्या मौनात थेट जाऊन बसू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

पायरी ८: खर्रा, दारू आणि झोपेची गोळी

साथीत वॉर्डामागच्या पायऱ्यांवर खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पन्न्या वाढतात, हे आपल्याकडचं वास्तव आहे. रात्र काढायला एक पुडी, मग दोन. सोडायचं असेल तर तंबाखूमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १८०० ११ २३५६.

दारूनं डोळा लवकर लागतो, पण झोप मधेच मोडते आणि पहाटेची भीती वाढते.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे वॉर्डातल्या साठ्यातून घेतलेली अल्प्राझोलाम किंवा लोराझेपाम, म्हणजे झोपेची-घबराटीची गोळी. औषध माहीत असतं, हाताशी असतं, म्हणून सोपं वाटतं. याच गटातल्या गोळ्यांची सवय लागते, आणि धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी त्या देऊ नयेत असंच जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. स्वतःच स्वतःला लिहून घेऊ नका, मैत्रिणीलाही देऊ नका.

पायरी ९: व्यवस्थेचा ताण कागदावर आणा

'सांगितलं होतं' याला सरकारी दप्तरात किंमत नाही. रुग्णसंख्या, हजर कर्मचारी, नसलेलं साहित्य, तारीख आणि वेळ, हे रोज वहीत दोन ओळींत लिहा. मागणी अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. शक्यतो चार-पाच जणींनी मिळून सही करा, एकटं नाव पुढे करू नका.

मारहाण, धमकी, किंवा घरमालकानं खोली सोडायला लावणं यावर कायदा आहे. १८९७ च्या साथरोग कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा करणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे: ३ महिने ते ५ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. गंभीर दुखापत असेल तर ६ महिने ते ७ वर्षं आणि १ लाख ते ५ लाख. राहण्याच्या किंवा कामाच्या ठिकाणचा छळही यात मोडतो. माझ्या एका सहकारी सिस्टरला भाड्याच्या खोलीत रात्री घेईनात, तेव्हा हे कलम मोबाईलवर दाखवल्यावरच दार उघडलं. साथ नसतानाही महाराष्ट्राचा २०१० चा कायदा लागू आहे. तातडीला ११२ लावा. तक्रार मात्र संस्थाप्रमुखांमार्फत आणि साक्षीदारांसह द्या, पोलीस ठाण्यात एकट्यानं जाऊ नका.

पायरी १०: डॉक्टरांकडे कधी जायचं आणि कुठे

पुढचं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर थांबू नका: बहुतेक दिवस उदास किंवा कशातच रस नाही, झोप बिघडलेली, पूर्वी सहज जमणाऱ्या कामात वारंवार चुका, रुग्णांबद्दल तुसडेपणा, छातीत धडधड. कामानं आलेला थकवा रजेत थोडा उतरतो. सुट्टीच्या दिवशीही, लेकराजवळ बसूनही सगळं फिकंच वाटत असेल तर ते नैराश्य असू शकतं. पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर तपासून घ्या. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज न बघता त्याच दिवशी मदत घ्या.

असे विचार येत असतील तर आत्ता कुणाला तरी सांगा, जोडीदाराला, बहिणीला, इन्चार्जला. एकटं राहू नका. औषधांच्या कपाटाची चावी दुसऱ्याकडे द्या. १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. किंवा सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत जा. आणि मैत्रिणीबद्दल शंका आली तर तिला थेट विचारा: "जीव नकोसा वाटतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारल्यानं ती बोलते.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. १८६४ पासून चालू असलेलं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. आपल्याच रुग्णालयात ओळखीचे बघतील ही भीती असते. मग दुसऱ्या रुग्णालयात किंवा खासगी डॉक्टरांकडे जा, पण जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं आहे.

रजा लागली तर सरकारी कर्मचाऱ्यांना वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मागता येते. प्रमाणपत्रावर काय लिहिलं जाईल ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. कामावर परतताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो, त्यासाठी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

पायरी ११: लाट ओसरल्यावर

बऱ्याच जणांचा त्रास वॉर्ड रिकामा झाल्यावर सुरू होतो. काम असेपर्यंत मन उभं असतं. मग सिलेंडरच्या ट्रॉलीचा आवाज आला की अंगावर काटा येतो, एखादा वॉर्ड टाळावासा वाटतो, स्वप्नात तीच खाट दिसते. मे २०२१ नंतर काळ्या बुरशीचे रुग्ण आले, तेव्हा कोविडमधून न सावरलेली माणसं त्याच पावलांनी त्या वॉर्डांत गेली. अशी लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तर आघातोत्तर ताण विकार (पीटीएसडी) तपासायला हवा. त्यावर बोलण्यातून होणारे चांगले उपचार आहेत, ठरावीक सत्रांचे. नैराश्यासाठी गोळी सुरू झाली तर तिचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. 'चार दिवस घेतली, काही झालं नाही' म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करू नका.

पहिल्या भेटीला जाताना पायरी २ चं फोल्डर आणि ती खिशातली वही घेऊन जा: झोप किती तास, त्रास कधीपासून, कोणत्या ड्युटीनंतर वाढतो, घरात कुणाला असा आजार आहे का, खर्रा-दारू किती. खर्ऱ्याचं आणि दारूचं खरं सांगा, औषधं त्यावर ठरतात. जोडीदाराला सोबत न्या, आपल्याला जे दिसत नाही ते ती सांगते. आणि पुढची तारीख ओपीडीतून निघण्याआधीच घेऊन, त्या दिवशीची ड्युटी बदलून घ्यायला इन्चार्जला तिथूनच फोन करा.